कड न पाहिलेलं नाणं

जुन्या नाण्यांचा लिलाव म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे हातोडा उभा राहतो. हातोडा आपटणारा माणूस, त्याचा कोट, त्याचा घसा. पण मी सांगतो आहे त्या पेढीवर जे लोक खरोखर विकत घ्यायला यायचे, ते हातोड्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांचं लक्ष असायचं डाव्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे काचेच्या पेटीत एक तराजू होता आणि तराजूमागे एक किडकिडीत, ताठ पाठीच्या बाई बसलेल्या असत. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं भिंग असे, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि तिथेही ते चुकीचं लिहिलेलं होतं.

पेढीची एक जुनी रीत होती. नग पुकारला, की पहिली बोली लागण्याआधी नाणं सगळ्यांसमोर तराजूत पडायचं. भिंगबाई वजन वाचायच्या आणि हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगायच्या, "वजन नऊ ग्रॅम चार दशांश. नाणं ठोकीव." ठोकीव म्हणजे जुन्या टाकसाळीत दोन ठशांच्या मध्ये धरून घणाने ठोकलेलं, अर्थात अस्सल. ओतीव म्हणजे खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओतून केलेली नक्कल. हा दुसरा शब्द त्या हॉलमध्ये एकतीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता, कारण ओतीव माल बाईंचं टेबल ओलांडून पुढे जातच नसे. लिलावाआधी महिनाभर एकेक नाणं त्यांच्या हाताखालून जायचं. जे पटलं नाही ते त्याच दिवशी पाकिटात घालून ज्याचं त्याला परत. मग तो कितीही मोठा आसामी असो, आणि त्याने कितीही आदळआपट करो.

बाई काही शिकून सवरून तिथे आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या शिवलेल्या पिशव्या पोचवायला. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला. मागे राहिल्या त्याची बायको आणि त्याची बहीण. या दोघींचं घटकाभर पटत नसे आणि एकमेकींवाचून चालतही नसे. सायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानावर दोन खोल्या, एक शिवणयंत्र, आणि दिवसभर वन्संची टकळी. नाण्यांसाठी मऊ कापडाच्या इवल्या इवल्या पिशव्या लागायच्या, त्या दोघी शिवून द्यायच्या. एकदा पिशव्या पोचवायला गेलेल्या वहिनीबाईंनी टेबलावरच्या तबकात डोकावून पाहिलं आणि थोरल्या मालकांना सहज विचारलं, की या एकालाच नळाच्या तोटीला असतो तसा सांधा का आहे. थोरल्या मालकांनी भिंग लावून पाहिलं, सांधा खराच होता. त्या नाण्यावरून दोन जाणकार हात फिरवून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं जुनं भिंग बाईंच्या हातात ठेवलं.

पुढची बारा वर्षं थोरल्या मालकांनी त्यांना शिकवलं. त्यांचं एकच पालुपद असे, "चेहरा फसवतो, बाई. कड फसवत नाही." नाण्याची कड म्हणजे त्याची बाजू, जिच्याकडे कुणी बघत नाही. साचा दोन अर्ध्यांचा असतो, ते अर्धे जिथे जुळतात तिथे कडेवर एक बारीक रेघ उमटते. लबाड माणूस ती रेघ कानशीने घासून काढतो, पण मग कानशीचे ओरखडे राहतात. बाईंनी या ज्ञानाला आपली एक जोड दिली. शंभर पानी शाळकरी वह्या आणून त्या प्रत्येक नाण्याचं पेन्सिलीने चित्र काढू लागल्या. राजाचं नाक कसं आहे यात त्यांना रस नव्हता. कुठे खरचटलंय, कुठे टवका उडालाय, कुठे खड्डा आहे, हे सगळं त्या टिपून ठेवत. घरच्या लोखंडी कपाटात साड्यांपेक्षा वह्या जास्त झाल्या होत्या. वन्सं म्हणायच्या, आमच्याकडे चोर आला तर बिचारा शिकून जाईल.

थोरले मालक गेल्यावर त्यांचे चिरंजीव गादीवर बसले. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. दिसायला देखणा, बोलायला गोड, दिवाळं निघालेल्या माणसालाही हसवील असा. फक्त त्यांना नाण्यांतलं काही कळत नव्हतं आणि विकण्यातलं सगळं कळत होतं. तेवढं पुरे असतं घोटाळ्याला.

तर त्या वर्षी पेढीवर घोडेस्वार राणीचं नाणं आलं. ही राणी फक्त अकरा महिने गादीवर होती. तिच्या नाण्यावर ती स्वतः घोड्यावर बसलेली, केस मोकळे. अशी जगात सगळी मिळून पाच नाणी माहीत होती आणि पाचवं याच पेढीवर एकोणीस वर्षांपूर्वी विकलं गेलं होतं. हे सहावं. धाकट्या मालकांनी यादीच्या मुखपृष्ठावर त्याचा ताटाएवढा फोटो छापला. नाण्यांवर प्रबंध लिहिलेल्या एका डॉक्टरांचा दाखला आधीच येऊन पडला होता. परदेशातून लोक येणार होते. एवढं सगळं झाल्यावर, शेवटी, नाणं बाईंच्या टेबलावर आलं. म्हणजे आधी वरात निघाली आणि मग नवरा मुलगा कसा आहे याची चौकशी.

बाईंनी आधी कड पाहिली. कडेवर उभे बारीक ओरखडे होते, एकाच दिशेचे, कानशीचे. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी नाणं उताणं केलं आणि त्यांचा हात थांबला. घोड्याच्या मागच्या पायाशी एक तिकोनी खड्डा. तिथून वर, राणीच्या कोपराला चाटून जाणारा, केसाएवढा बारीक ओरखडा. हा ओरखडा त्यांनी पाहिला होता. कुठे ते त्यांना लगेच आठवलं.

घरी जाऊन त्यांनी चप्पलसुद्धा न काढता कपाट उघडलं. एकोणीस वर्षांपूर्वीची वही खालच्या कप्प्यात होती. पान उघडलं, तर तोच खड्डा, तोच ओरखडा, तेच कोपर. एका ठशातून शंभर नाणी निघाली तर शंभरांचे चेहरे सारखे असतील, त्यात नवल नाही. पण खरचटणं ज्याचं त्याचं असतं. दोन नाणी दोन वेगळ्या माणसांच्या खिशात वाजली आणि दोघांनाही नेमका तोच ओरखडा पडला, असं होत नाही. सहावं नाणं नक्कल होतं. आणि पाचवं एक तर त्याची आई होतं, म्हणजे त्याच्यावरूनच साचा घेतलेला, नाही तर त्याचं जुळं भावंड, म्हणजे तेही ओतीव.

पाचव्याची कड बाईंनी पाहिलेलीच नव्हती. पाचवं नाणं आलं तेव्हा ते चांदीच्या चौकटीत जडवलेलं होतं, कुणीतरी गळ्यात घालायला करून घेतलेलं. चौकटीमुळे कड दिसत नव्हती. थोरले मालक तेव्हा इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते. बाईंनी धाकट्या मालकांना म्हटलं होतं, चौकट काढू या. ते म्हणाले होते, काढताना नाणं दुखावलं तर? बाईंनी चेहरा पाहिला, चेहरा सुरेख होता. लिलावाच्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, कड न पाहता "ठोकीव" म्हटलं. ते नाणं घेतलं होतं एका मास्तरांनी, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. जन्मभराची पुंजी त्यांनी त्यावर लावली. त्यानंतर मास्तरांनी पेढीवर एकही नाणं घेतलं नाही, पण एकही लिलाव चुकवला नाही. आदल्या दिवशी नाणी बघायला यायचे, दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसायचे. लोक थट्टेने म्हणायचे, मास्तर इथे हजेरी घ्यायला येतात.

वही सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई धाकट्या मालकांच्या खोलीत गेल्या आणि वही उघडून टेबलावर ठेवली. मालकांनी चित्र पाहिलं, कौतुक केलं, चहा मागवला. डॉक्टरांच्या दाखल्यापुढे शाळकरी वही कोण विचारतंय, असं हसत हसत सुचवून पाहिलं. मग म्हणाले, लिलावाच्या दिवशी तुम्ही रजा घ्या, माझा भाचा वजन सांगेल. बाई म्हणाल्या, एकतीस वर्षांत घेतली नाही ती रजा आता कशाला. तेव्हा मालकांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि आवाज खाली आणला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. हे खोटं ठरलं तर मास्तरांचंही खोटं ठरेल. आणि त्याच्यावर शब्द माझा नाही, तुमचा आहे."

बाईंनी वही मिटली. त्या उठल्या आणि वही घेऊन बाहेर आल्या. मालकांनी ते निघून जाणं होकार म्हणून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते होकारापासून फार लांब नव्हतं.

लिलावाला सहा दिवस होते. बाईंच्या मनाने घेतलं की आधी मास्तरांना गाठावं आणि एकट्याला सांगून टाकावं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मास्तरांच्या दारापर्यंत गेल्या. दाराबाहेर जोडे नीट जोडून ठेवलेले होते, आत रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू होता. घंटीकडे हात गेला आणि तसाच खाली आला. कित्येक लक्षाधीशांची नाणी ज्या बाईने त्यांच्या तोंडावर परत केली, ती बाई एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दारातून पाय न वाजवता जिना उतरून गेली. घरी त्यांनी सांगितलं की मास्तर भेटले नाहीत. वन्संनी यंत्रावरून मान वर केली, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बाईंना खोटं बोलता येत नसे, सरावच नव्हता.

लिलावाच्या दिवशी सकाळी बाई केस विंचरत होत्या. वन्संनी बाहीची टीप घालता घालता विचारलं, काय ठरलं? बाई म्हणाल्या, नोकरी गेली तर भाडं कुठून द्यायचं. वन्संनी दोरा दाताने तोडला.

"भाड्याचं बघू. पण वहिनी, तुम्ही ठोकीव म्हणून घरी आलात, तर तुमचं ते तोंड मला मरेपर्यंत बघावं लागेल. ते मला झेपायचं नाही."

हॉल त्या दिवशी गच्च भरला होता. मागे लोक उभे होते, दोन कॅमेरेवाले होते. सेहेचाळीस नगांपर्यंत सगळं सुरळीत चाललं. वजन, ठोकीव, बोली, हातोडा. सत्तेचाळिसावा नग पुकारला आणि खुर्च्यांची कुरकुर थांबली. भाच्याने मखमलीच्या तबकातून नाणं आणलं. बाईंनी ते चिमट्याने उचलून पारड्यात ठेवलं. काटा स्थिर होईपर्यंत त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत मास्तर बसले होते, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये, नजर थेट बाईंवर.  या माणसाच्या दारातून आपण पळून आलो, आता इथून पळायला दार नाही, असं बाईंच्या मनात आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना एकदम हलकं वाटलं.

"वजन अकरा ग्रॅम दोन दशांश," त्या म्हणाल्या. "नाणं ओतीव."

हातोडेवाल्याने सवयीने बोली मागायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मागे कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाल्या? धाकटे मालक हसत पुढे आले. सकाळपासून बसून बाई दमल्यात, जीभ घसरली, असं ते सगळ्यांना सांगू लागले.

"दमलेले नाही," बाई म्हणाल्या. "ओतीव. कडेला कानस मारली आहे, ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. आणि एकोणीस वर्षांपूर्वी याच राणीचं नाणं मी या टेबलावरून ठोकीव म्हणून सांगितलं होतं. त्याची कड मी पाहिली नव्हती. तो शब्द मी परत घेते."

आता मालकांचं हसू मावळलं. बाई, उठा तिथून, असं ते दातओठ खाऊन म्हणाले. बाई उठल्या. तराजूची काच बंद केली, भिंग दोऱ्यासकट छातीवर सारखं केलं, आणि म्हणाल्या, मी उठल्याने ते ठोकीव होणार नाही.

तेवढ्यात मास्तर उभे राहिले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला रुमाल काढला, टेबलापाशी येऊन उलगडला. आत पाचवं नाणं होतं. चौकट नव्हती.

"चौकट मी त्याच वर्षी सोनाराकडून काढून घेतली," ते म्हणाले. "सांधा तेव्हाच दिसला."

बाईंनी नाणं उचललं. कडेवरून नख फिरवलं, भिंगाची गरजच पडली नाही. इथे कानससुद्धा मारायची तसदी कुणी घेतली नव्हती, चौकटीत झाकल्यावर घासायचं कशाला. त्यांनी विचारलं, मग तुम्ही आला का नाहीत? मास्तरांनी रुमालाची घडी घातली. म्हणाले, आधी आरडाओरडा करायलाच निघालो होतो. मग वाटलं, तुम्ही यांना सामील आहात, तुम्हालाच पुराव्यासकट पकडावं. म्हणून दर लिलावाच्या आदल्या दिवशी येऊन मी एकेक नाण्याची कड पाहत आलो. एकोणीस वर्षं. तुम्ही ठोकीव म्हटलेलं एकही ओतीव सापडलं नाही. काल हे मात्र सापडलं. आज बघायचं होतं, तुम्ही काय म्हणता ते.

हॉलमधल्या लोकांना वाटलं, आता बाईंचे डोळे भरून येणार. कॅमेरेवाल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो जवळ सरकला. बाईंचे कान लाल झाले होते. लाज वाटत होती, ती होतीच. पण त्या लाजेच्या बुडाशी राग होता आणि तो भसकन वर आला.

"एकोणीस वर्षं तुम्ही मला चोर समजून माझ्यासमोर बसलात, आणि मी तुम्हाला दर वेळी नमस्कार करत आले?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मग एकदा तोंडावर म्हणायचं होतंत. मी चुकले होते, मला त्याच दिवशी कळलं असतं. तुम्ही बोलला असतात तर हे दुसरं पिल्लू बाजारात हिंडलं नसतं. माझी चूक मी भर हॉलात सांगितली, मास्तर. आता तुमची तुम्ही सांगा."

असं मास्तरांना त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नसेल. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग लोकांकडे वळले आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, की खोटं नाणं हाती आल्यावर गप्प बसणारा माणूस ते चालवायलाच मदत करतो, आणि तसा मी एकोणीस वर्षं बसलो. एवढं बोलून ते बाईंकडे वळले आणि या वेळी नमस्कार त्यांनी आधी केला.

बाई पिशवी उचलून हॉलच्या मधल्या वाटेने बाहेर पडल्या. लोकांनी पाय आत घेऊन त्यांना वाट दिली. त्यांच्या मागे अठ्ठेचाळिसावा नग पुकारला गेला. भाच्याने वजन सांगितलं आणि घसा खाकरून "ठोकीव" असंही म्हटलं. नाणं अगदी खरं होतं, बिचारं. पण एकही हात वर झाला नाही. पन्नासाव्या नगानंतर लिलाव गुंडाळावा लागला.

नोकरी गेली ती गेलीच. तसं पत्र चार दिवसांनी आलं, त्यातही नाव चुकलेलं होतं. पण त्याआधीच, सोमवारी सकाळी, मास्तर एक लाकडी पेटी काखेत मारून दुकानावरच्या दोन खोल्यांत हजर झाले. पेटीत एकसष्ट नाणी होती, पूर्वी कधीतरी इतरत्र घेतलेली, स्वतःच्या डोळ्यांनी त्यांची खात्री पटत नव्हती अशी. बाईंनी खिडकीशी शिवणयंत्राच्या पलीकडे बैठक मांडली आणि एकेकाची कड बघायला घेतली. सात ओतीव निघाली. ती त्यांनी मास्तरांना खडखडीत आवाजात सांगितली आणि मास्तरांनी मुकाट्याने वेगळी ठेवली. त्यांनी आणखी दोघांना सांगितलं, त्या दोघांनी आणखी चौघांना. महिनाभरात वन्संना एक बाक विकत घ्यावा लागला. आपल्या घराचं इस्पितळ झालं म्हणून त्या दिवसभर कुरकुरायच्या, आणि कोण कुणाच्या आधी आला यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायच्या.

तीन महिन्यांनी पेढीचा शिपाई लाखेचं सील केलेलं पाकीट घेऊन आला. पुढच्या लिलावाची यादी छापायची होती. खरेदीदार विचारत होते की भिंगबाईंनी पाहिलंय का. मालकांनी एवढं एक नाणं गुपचूप बघून द्यायला सांगितलं होतं, चिठ्ठीवर सही नको, फक्त निरोप. बाईंनी पाकीट फोडलं नाही. शिपायाला पाणी दिलं आणि पाकीट त्याच्या हातात परत ठेवलं.

"मालकांना म्हणावं, स्वतः या. आमचा जिना बुटका आहे, वर येताना मान वाकवावी लागते. पण वाकवली की येता येतं."

शिपाई गालातल्या गालात हसत गेला. निरोप त्याने शब्दशः पोचवला असणार, कारण चौथ्या दिवशी दुपारी जिन्यावर चांगल्या कातड्याचे बूट वाजले. बाईंनी ते ओळखले. बूट वर येत गेले आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर तुळईला काहीतरी आपटल्याचा चांगला जोरात आवाज झाला.

"वाकला नाहीत वाटतं?" वन्संनी आतून विचारलं.

बाईंनी मान वर केली नाही. हातात एका टांगेवाल्याचं तांब्याचं नाणं होतं, त्याची कड अजून अर्धी बघायची राहिली होती. बाकावर आधीच तिघं बसले होते. मालक कपाळ चोळत चौथे बसले.